कोरी पाने

माणसाची पारख त्याच्या कुळावरून करावी असे मानणाऱ्या पिढीतली माझी आई. त्यामुळे 2020 च्या दिवाळीत पुण्यातल्या एका दलालाच्या आवारात उभ्या असलेल्या त्या करड्या डिझेल गाडीच्या पाटीवर ‘एमएच-10’ दिसताच, इंजिनाचा आवाज, टायरांची झीज, मीटरवरचे 61 हजार किलोमीटर, या ज्या गोष्टींची यादी मी खिशात घालून नेली होती त्या साऱ्या तिच्या लेखी निरर्थक ठरल्या. “सांगलीची आहे, घे,” एवढाच निकाल तिने दिला. सांगली तिचे माहेर.

वस्तुतः गाडीच्या कुळात अभिमान बाळगण्याजोगे फारसे नव्हते. 2006 च्या अर्थसंकल्पात, चार मीटरांहून लांब नसलेल्या आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास 1200 व डिझेलचे असल्यास 1500 सीसींच्या मर्यादेत असलेल्या मोटारींवरील उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 वर आले, आणि पुढे काही वर्षांनी, डोंगरदऱ्या तुडवणाऱ्या दांडग्या वाहनाचा आव आणणारी, पण शेपूट मात्र कराच्या कायद्याने छाटलेली अशी एक जात आपल्या रस्त्यांवर अवतरली. बैठक उंच, पोट जमिनीपासून वीतभर वर, आणि मागे दोन बॅगा ठेवल्या की तिसरीला मज्जाव. मला हा आवच आवडला होता, हे कबूल केलेले बरे.

दलालाने नमुना 29 आणि 30 वर माझ्या सह्या घेतल्या, बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला दाखवला, आणि सर्व दस्तऐवजांहून मला अधिक पटलेली वस्तू पुढच्या कप्प्यातून काढून दिली: पूर्वीच्या मालकाची वही. टाकी भरल्याची तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, अक्षर मोत्यासारखे. इतका टापटिपीचा धनी जिला लाभला ती दगा देणार नाही, असे मनाशी ठरवून मी पाने चाळली. 2019 च्या ऑगस्टपासून पुढचे तीन महिने कोरे होते. त्या ऑगस्टात कृष्णा सांगलीत कोठवर चढली होती हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिलेले असताना, मी ती कोरी पाने पाहिली आणि उलटली.

इंजिनाने आजतागायत मान टाकलेली नाही. कुंभार्ली आणि आंबा हे दोन्ही घाट त्याने कुरकुर न करता चढले आहेत. पण पहिल्या पावसाळ्यात एका मध्यरात्री हॉर्न आपण होऊन वाजू लागला आणि सबंध सोसायटी गॅलरीत आली. मग दारे आपोआप कुलूपबंद होऊ लागली. मग एअरबॅगचा दिवा लागला तो विझेना. गॅरेजात न्यावी तर ऊन पडलेले, आणि गाडी न्यायालयातल्या सराईत साक्षीदाराप्रमाणे निर्दोष. अखेर एका वृद्ध फिटरने आसन उचकटून खालची पिवळी जोडणी माझ्यासमोर धरली. “वायरिंगला पाणी लागलंय, साहेब. कनेक्टर हिरवे पडलेत.” पुराचे पाणी लोखंडाला लगेच मारत नाही, ते तांब्याच्या टोकांवर बसते आणि पुढे हवेत ओल आली की बोलू लागते. स्टेपनीच्या खळग्यात, गालिच्याखाली, गाळाचा काळा थर वाळून भेगाळला होता.

दलालाने फोन उचलणे सोडले. मी फिर्याद गुदरण्याच्या गोष्टी करीत होतो, तेव्हा आईने तो गाळ खुरप्याने खरवडून कढीलिंबाच्या कुंडीत घातला. “कृष्णेचा आहे, टाकतोस काय?” फसवणूक म्हणून तिने या प्रकाराची नोंद कधी घेतलीच नाही.

निर्दोष आणि विश्वासू हे शब्द तोवर मी समानार्थी समजत होतो. पण दर मे महिन्यात जोडण्या साफ करून घ्याव्या, पावसाच्या रात्री हॉर्नचा फ्यूज काढून ठेवावा, एवढी गाडीची मर्जी सांभाळली की मला ती शेजाऱ्यांच्या नव्या गाड्यांहून खात्रीची वाटे. त्यांच्या खोडी अजून कोणाला ठाऊक नव्हत्या. पुढे दोन वर्षे आईला डायलिसिसला आठवड्यातून दोनदा न्यावे लागे. त्या दोन वर्षांत गाडी एकदाही दारात अडून राहिली नाही. 2023 च्या श्रावणात ते नेणेही संपले.

गाडीच्या नोंदणीची 15 वर्षे 2029 मध्ये पुरी होतील. त्याआधी ती विकावी असे मुलीचे मत पडले. गेल्या महिन्यात एक तरुण गाडी पाहायला येणार म्हणून मी आदल्या रात्री वही काढली. माझ्या हातच्या नोंदी तीत आता मूळ मालकाच्या नोंदींहून अधिक झाल्या आहेत. कोऱ्या पानांपाशी मी बराच वेळ थांबलो, आणि मग पहिल्यावर लिहिले: ‘ऑगस्ट 2019. सांगली. पाण्यात होती.’

तरुणाने बॉनेट उघडले नाही. तो वहीच वाचत बसला. त्या पानाशी त्याचे बोट थांबले. त्याने गाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि विचारले,

“काका, हॉर्न रोज वाजतो का?”

“नाही,” मी म्हणालो. “पाऊस असला तरच.”