ऑन रोड

सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या आमच्या प्लांटच्या आवारात गाडी नेहमी उलटी लावायची असते. नाक बाहेर, पाठ भिंतीकडे. उशीर झालेला असो, पाऊस कोसळत असो, मागे दोन गाड्या खोळंबलेल्या असोत, आधी गाडी मागे घेत घेत जागेत बसवायची आणि मगच उतरायचं. आवार रिकामं करायची वेळ आलीच, तर कुणी गाडी मागे घेत बसू नये आणि दुसऱ्याची वाट अडवू नये, एवढंच त्यामागचं कारण. पहिल्या दिवशी मला ती कटकट वाटली होती. आता पंधरा वर्षं झाली. सुट्टीत पुण्याला गेलो तरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझा हात आपोआप रिव्हर्सकडे जातो.

गेल्या महिन्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. दसऱ्याला गाडी घ्यायचं चाललं आहे. "मामा, ऑन रोड साडेतेराला पडतेय. सनरूफ आहे, स्क्रीन मोठी आहे, अॅव्हरेज अठराचं सांगतायत. तुला काय वाटतं?" त्याचा आवाज आनंदाने भरून आला होता. स्वतःची पहिली गाडी म्हणजे आपल्या घरांत नुसती खरेदी नसते. आईवडिलांना मागे बसवून गावाला न्यायचं असतं, देवदर्शनाला जायचं असतं. मीही चार प्रश्न विचारले, रंग कोणता ते विचारलं. पण फोन ठेवल्यावर एक शब्द मनात घोळत राहिला. ऑन रोड. शोरूमच्या किमतीत आरटीओचा कर आणि विमा मिळवला की गाडी रस्त्यावर येते, ती ही किंमत. शब्द रस्त्याचा आहे, पण त्या हिशेबात रस्त्यावरची जागा कुठे आहे? चौदा-पंधरा फूट लांब आणि सहा फूट रुंद एवढा जमिनीचा तुकडा ती गाडी जाईल तिथे अडवणार. त्याचं मोल कुणी धरलं?

सिंगापूरने ते धरलं आहे. १ मे १९९० पासून इथे गाडी घ्यायची तर आधी गाडी ठेवण्याचा हक्क विकत घ्यावा लागतो. त्याचं नाव सीओई. महिन्यातून दोनदा बोली लागते, बुधवारी दुपारी चारला बंद होते, आणि मराठी असो, तमिळ असो की चिनी, गाडीचा विचार करणारा प्रत्येक माणूस त्या दुपारी फोनकडे बघतो. २००८ च्या मंदीत लहान गाड्यांची सीओई दोन डॉलरपर्यंत घसरली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तीच १,०६,००० डॉलरवर गेली आणि मोठ्या गाड्यांची १,५०,००१ डॉलरवर. हे नुसत्या हक्काचे पैसे. गाडी, अबकारी, नोंदणी शुल्क सगळं निराळं. आणि हक्क फक्त दहा वर्षांचा. दहा वर्षं झाली की गाडी मोडीत काढा, परदेशी पाठवा, किंवा मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम भरून मुदत वाढवून घ्या. २०१८ पासून तर खाजगी गाड्यांच्या संख्येची ठरवून दिलेली वाढ शून्य आहे. साधारणपणे जुनी गाडी गेली तर नवीला जागा.

आम्ही गाडी घेतली ती २०१३ च्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या तोंडावर. बायकोने बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि शेजारची चिनी आजी कौतुकाने बघत उभी राहिली. गाडीचं आयुष्य संपायची तारीख त्याच दिवशी कागदावर छापून आली होती. मला ते फार लागलं. आपल्याकडे गाडी जुनी होते, मुलांच्या लहानपणाच्या ओरखड्यांसकट ती घरातली होऊन जाते. गाडीच्या जन्मदिवशीच तिची तिथी ठरलेली असावी, हे माझ्या मनाला मानवेना. २०२३ मध्ये ती तारीख आली. इंजिन ठणठणीत होतं. मुदतवाढीचा आकडा पाहिला आणि आम्ही गाडी परत केली. डॅशबोर्डवरचा गणपती काढला, मागच्या सीटखाली मुलीचं हरवलेलं रबरबँड सापडलं. त्या दसऱ्याला आम्ही पूजा केली ती माझ्या टूलबॉक्सची.

त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईतून बातमी आली की प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरल्या. शेवटची काळीपिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. ती बातमी वाचताना माझा राग थोडा निवला. सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालते ती मुदतीनेच, हे आपणही टॅक्सीपुरतं मान्य केलेलं आहे. खाजगी गाडीच्या बाबतीत मात्र आपण ते मनाला शिवू देत नाही.

गाडीला किती दडून बसलेली किंमत असते, हे जुरोंग आयलंडवर रोज दिसतं. मुंबईसारखंच हेही सात बेटं सांधून झालेलं बेट. मेरलिमाऊ, सेराया, साकरा, आयर चावान, आयर मेरबाऊ आणि दोन पेसेक यांच्यामधला समुद्र भरून काढला, १४ ऑक्टोबर २००० ला त्याचं रीतसर उद्घाटन झालं आणि २००९ मध्ये भराव पुरा झाला. मुंबईच्या सात बेटांवर माणसं राहायला आली, इथल्या सातांवर एकही घर नाही. सुमारे बत्तीस चौरस किलोमीटरवर शुद्धीकरण कारखाने, टाक्या, नळ आणि धुराडी. २००१ पासून पासाशिवाय प्रवेश नाही. गाडी सुरू होण्याआधीच तिचं निम्मं अंग अशा ठिकाणी तयार होत असतं. टाकीतलं पेट्रोल, इंजिन ऑइलमध्ये मिसळायची रसायनं, बंपर आणि डॅशबोर्ड ज्यांचे होतात ती प्लास्टिकं. टायरच्या आतल्या बाजूला ब्युटिल रबराचा पातळ थर असतो, त्याच्यामुळे हवा कोंडून राहते. वर्षाला एक लाख टन ब्युटिल रबर करणारा कारखाना या बेटावर २०१३ मध्ये सुरू झाला, आमची गाडी आली त्याच वर्षी. दुकानात सनरूफ दाखवतात, तो थर कुणी दाखवत नाही. प्रवास मात्र त्याच्या भरवशावर होतो.

आणि इतकं पेट्रोल जिथे तयार होतं तिथे ते स्वस्त नाही. २०२१ पासून लीटरमागे ६६ ते ७९ सेंट नुसता कर आहे. मलेशियात ते कितीतरी स्वस्त, म्हणून सिंगापूरची गाडी सीमा ओलांडताना तिची टाकी किमान पाऊण भरलेली असावी असा नियम आहे. दारात पिकतं म्हणून वाटेल तसं वापरायचं नाही, हे मला पटतं. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे नदीला पाणी आहे म्हणून उसाला वाटेल तेवढं पाजलं, त्याने जमिनी खारावल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझ्या वडिलांनी स्कूटरसाठी नाव नोंदवलं आणि ती दारात यायला सात वर्षं लागली. परवाना राजमध्ये गाड्यांचीच टंचाई होती. रस्ते रिकामे होते आणि त्यांवरून सायकली वाहत होत्या. आज पैसे भरले की आठवड्यात गाडी मिळते आणि टंचाई रस्त्याची आहे. ती टंचाई सिंगापूरने कबूल करून तिची बोली लावली. आपण ती कबूलच करत नाही, म्हणून तिचे पैसे भलत्याच माणसाला भरावे लागतात. सिग्नलला पन्नास मिनिटं अडकलेल्या बसमधली नर्स ते भरते. फुटपाथवर गाडी आहे म्हणून रस्त्यावर उतरलेलं शाळकरी पोर ते भरतं.

बोलीची पद्धत मला पूर्ण न्याय्य वाटत नाही, हेही सांगायला हवं. ज्याच्याकडे पैसा आहे तो तीन गाड्या ठेवतो आणि आजारी आईला दर आठवड्याला डायलिसिसला नेणारा मुलगा आकडा बघून मागे फिरतो. लहान मुलं असलेल्या घरांना सवलत द्यावी, दुसऱ्या गाडीवर जास्त आकारावं, अशी चर्चा इथेही चालते. शिवाय ही कडक किंमत लोक सोसतात ती मेट्रो आणि बस यांच्या जिवावर. गाडी गेल्यावर माझं फारसं अडलं नाही. बून ले स्टेशनजवळून कंपनीची बस मिळते, रविवारी मेट्रो आहे. पुण्यात मेट्रो धावू लागली ती मार्च २०२२ मध्ये. आधी पुरेशा बस न देता रस्त्याची किंमत लावली, तर ती दुचाकीवाल्या कामगाराच्या मानेवर बसेल.

सकाळी जुरोंग आयलंडच्या चेकपोस्टच्या रांगेत आमच्या बसशेजारी लॉऱ्या उभ्या राहतात. त्यांच्या हौद्यात, वर छत आणि बाजूला कठडे, अशी दाटीवाटीने माणसं बसलेली असतात. तामिळनाडूची, बांगलादेशची. हेल्मेट मांडीवर, डोळे मिटलेले. मोटारीत मागे बसणाऱ्यालाही इथे पट्टा सक्तीचा आहे, या माणसांना बसायला सीटच नाही. कामगारांना असं नेण्याला कायद्यात मुभा आहे, आणि ती बंद करावी अशी मागणी वर्षानुवर्षं होते आहे. मला त्यांच्याकडे बघताना ट्रॉलीत संसार भरून बीडहून निघालेले ऊसतोड मजूर आठवतात. गाडीविषयी आपली जी काही मतं असतात, ती काचेच्या आत बसलेल्यांची मतं असतात. काचेबाहेरचं माणूस त्यात आलं नाही तर ती मतं अपुरी आहेत, असं मी आता ठामपणे म्हणतो.

म्हणून चार दिवसांनी मी भाच्याला पुन्हा फोन केला. आधी सुरक्षेचं विचारलं. क्रॅश टेस्टमध्ये किती तारे आहेत? मागच्या तिन्ही जागांना नीट पट्टे आहेत का, आणि ताई-भाऊजी ते लावतील का? भारतात बनलेल्या नेक्सॉन गाडीला २०१८ मध्ये पाच तारे मिळाले, तेव्हापासून आपल्याकडे लोक हे विचारू लागले, ही फार चांगली गोष्ट झाली. तो म्हणाला, "तारे बघितले रे. पट्ट्यांचं बघतो." मग मी विचारलं, "ठेवणार कुठे?"

तो थांबला. सोसायटीत एकच जागा आहे, तिथे भाऊजींची गाडी असते. "गल्लीत लावीन. सगळेच लावतात."

"बुकिंगच्या आधी एक काम कर," मी म्हटलं. "रात्री अकरानंतर गल्लीतून एकदा चालत जा. या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाकी काही नको."

दुसऱ्या दिवशी रात्री त्याचा मेसेज आला. खरं तर आपण त्याला उपदेशच ऐकवला असं वाटून मला खंत लागली होती. त्याने लिहिलं होतं, "जाऊन आलो. एक जागा आहे, जोशी आजींच्या फाटकासमोर. मामा, मागच्या पावसाळ्यात त्यांना न्यायला अॅम्ब्युलन्स आली होती ती कोपऱ्यावरच थांबली होती. आम्ही चौघांनी स्ट्रेचर उचलून तिथपर्यंत नेलं. मी होतो त्यात."

खाली आणखी एक ओळ होती. "बाबांशी बोलतो. दोन्ही गाड्या कशाला, बघू."