उळं आपलं, पाकीट दुसऱ्याचं

चाळीतला कांदा निवडायचं काम चालू आहे. दिवाळीच्या तोंडावरही जो टणक राहिला, कोंब आला नाही, तोच डेंगळ्याला ठेवायचा, असं आमच्याकडं 14 वर्षं चाललंय. त्यातलं दोन-तीन किलो उळं पाव्हण्यांत, शेजाऱ्यांत जातं. गेल्या हंगामात तेच उळं एका दुकानात पाकिटात दिसलं. बी आमच्या गावचं, हे विकणाऱ्यानंच सांगितलं! नाव मात्र त्याचं.

घरचे म्हणतात, आता कुणाला देऊ नका. मला पटत नाही. कांद्याचं बी फार दिवस टिकत नाही. मार्चात गारपिटीनं डेंगळे झोपले तर परत बी आणणार कुणाकडून? शेजाऱ्याकडूनच ना.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवा. जमीन दीड एकर. 1983 मध्ये पटेल-3 धानात त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या वेगळ्या ठेवून, वर्षानुवर्षं निवड करून त्यांनी बारीक तांदळाचं वाण काढलं. तेव्हा एचएमटी घड्याळं जोरात होती, तेच नाव पडलं. पुढं कृषी विद्यापीठानं त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि 1998 ला पीकेव्ही-एचएमटी नावानं वाण आणलं. आम्ही शुद्धीकरण केलं, असं विद्यापीठाचं म्हणणं. असेल, पण लोंबी शोधली कुणी? तांदूळ देशभर गेला, दादाजी 2018 ला गरिबीतच गेले.

त्यांचं वाण निघालं तेव्हा वाण संरक्षणाचा कायदाच नव्हता. तो 2001 ला झाला. त्यात शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते, नोंदणीची फी नाही. अर्जाला जैवविविधता समिती किंवा जिल्हा कृषी अधिकाऱ्याची शिफारस लागते. नोंदलेलं वाण ब्रँड लावून विकायचं तर परवानगी घ्यावी लागते. आपण आपसात सुटं बी देणं-घेणं, विकणं चालूच राहतं. म्हणजे दडवून ठेवायची गरज नाही.

पेटंटचं विचारणाऱ्यांसाठी: आपल्याकडं बी आणि वाणाला पेटंट नाही, शेती करायच्या पद्धतीलाही नाही. द्राक्षाच्या छाटणीत नवी युक्ती काढली तर ती सगळ्यांचीच. नवं अवजार काढलं तर मात्र पेटंट मागता येतं, पण गावात दाखवत फिरायच्या आधी.

आमची खरी अडचण वेगळी आहे. नोंदणीला वाण एकसारखं लागतं, आणि कांदा परपरागी. बांधापलीकडं काकांचे डेंगळे दुसऱ्याच उळ्याचे, मधमाश्या दोन्हीकडं फिरणार. म्हणून वहीत तारीख, वजन, कुणाला किती दिलं हे लिहून, फोटो काढून, यंदा काकांनाही आपल्याच चाळीतले दोन क्विंटल निवडक कांदे लावायला देतोय.