पुढच्यास ठेच

नेम चुकल्यावाचून शिकारी तयार होत नाही, असे सांगणारी वडीलधारी मंडळी आमच्या भागात अजून थोडी शिल्लक आहेत, आणि त्यांच्या त्या सांगण्यात खोटे असे काही नसतानाही ते ऐकले की माझे मन उगाच अस्वस्थ होते. चूक एकाची, जखम दुसऱ्याची आणि शहाणपण मात्र पहिल्याच्याच पदरात, असा हा जमाखर्च आहे. त्याचा ताळा काही केल्या जुळत नाही, आणि जुळत नाही म्हणून वही मिटूनही टाकता येत नाही.

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण आपण उठल्यासुटल्या वापरतो. तिच्यात माणसे दोन आणि वाट एक. पुढे चालणाऱ्याचा अंगठा फुटतो, मागून येणारा तो दगड हेरून पाऊल उचलतो. ज्याचा अंगठा फुटला तो स्वतः शहाणा झाला की पुढच्या वळणावर पुन्हा तसाच अडखळला, याविषयी म्हण मौन पाळते. मागच्याने पुढच्याला हात देऊन उठवले की नाही, याचीही तिला चौकशी नाही. मृगयेत तर या म्हणीची पुरतीच पंचाईत होते, कारण तिथे तिसरा इसम उपस्थित असतो. बंदूकवाला पुढे, नवशिका त्याच्या मागे, आणि या दोघांच्या वाटेशी काडीचाही संबंध नसलेले रानातले सावज. ठेच लागते ती या तिसऱ्याला, आणि शहाणे होतात ते पहिले दोघे.

आमचे हिंडलगा हे बेळगावच्या पश्चिमेचे, वेंगुर्ल्याच्या रस्त्यावरचे गाव. बाहेरच्या माणसाला ते 1923 पासूनच्या मध्यवर्ती कारागृहामुळे ठाऊक असते, आणि त्या कारागृहाची सारी उपपत्तीही वरच्या म्हणीवरच उभी आहे: एकाला शिक्षा फर्मावावी, म्हणजे बाकीचे सावध चालतील. गोळीचा विषय या गावात निघाला की 1986 च्या जूनमधल्या, सीमाआंदोलनातल्या गोळीबाराची आठवण आल्यावाचून राहत नाही, हुतात्मा स्मारक गावातच आहे. पण त्या दुःखाची जात निराळी आहे आणि हरणाच्या गोष्टीत ते कालवणे मला प्रशस्त वाटत नाही. मी बोलतो आहे ते त्याआधीच्या काळाविषयी, जेव्हा जांबोटी-कणकुंबीकडच्या रानात सांबर आणि भेकर यांच्यामागे माणसे रीतसर परवाना घेऊन जात, आणि बिनपरवान्याची ठासणीची बंदूक घेऊनही जात. 1951 साली मुंबई राज्याने वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला तेव्हा बेळगाव मुंबईतच होते. 1956 च्या नोव्हेंबरात ते म्हैसूर राज्यात गेले. भेकरांच्या बाबतीत या हस्तांतरणाने कितपत फरक पडला असेल, ते सांगायला कोणी नाही.

त्या पिढीतले आमच्या गल्लीतले एक आबा ओसरीवर बसून वाळलेले ऐनाचे पान हाती घेत आणि त्यावर बोट फिरवीत रक्ताची लिपी समजावून देत. रक्त फिकट तांबडे आणि फेसाळ असले तर गोळी फुप्फुसात, जनावर लांब जात नाही. काळपट असून त्यात चघळलेल्या गवताचा हिरवा अंश असला तर पोटात, आणि मग निदान अर्धा तास जागचे हलायचे नाही, कारण लगोलग पाठीस लागले तर जनावर कोसभर चालते आणि स्वस्थ राहू दिले तर जवळच्या जाळीत बसकण मारते. हाडाची कपची दिसली तर पाय गेला, आणि तीन पायांचे भेकर चार पायांच्या माणसाला दिवसभर फिरवते, असे म्हणून ते स्वतःच हसत; माणसाचे चार पाय कोणते, असे विचारण्याची सोय नसे. वर्मी लागलेले हरीणदेखील पन्नास-शंभर पावले सहज धावते, म्हणून बार झाल्यावर सावज पळाले की नेम हुकला असे धरून घरी परतणारा तो अडाणी. हे सारे मी तोंड उघडे टाकून ऐके. एकदा मात्र विचारले होते, “आबा, मग ते पोटात लागलेलं भेकर गेलं कुठं?” “गेलं असणार नाल्याकडं,” आबा म्हणाले, “दिवस मावळला, आम्ही परत आलो बघ.”

या विद्येचा उगम मला आज बेचैन करतो. ज्याचे सावज जागच्या जागी कोसळते, त्याला पानावरचे रक्त वाचण्याचे प्रयोजनच नाही; तेव्हा आबांच्या त्या सूक्ष्म, सुंदर म्हणावे अशा ज्ञानाचे एकूण एक अक्षर कोणत्या ना कोणत्या फसलेल्या बाराने लिहिलेले होते. अचूक नेमबाज या शास्त्रात अडाणीच राहायचा. आणि पुष्कळदा तर ठेच तिसऱ्यावरही थांबत नाही. जिम कॉर्बेटने 1907 साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे सुळे तुटलेले आढळले, वरचा निम्मा आणि खालचा पार हाडापर्यंत. ती करामत कोणाच्या तरी जुन्या गोळीची होती, आणि त्या अधुऱ्या जबड्यामुळे नेहमीचे भक्ष्य सुटून ती माणसांकडे वळली, असा त्याचा निर्वाळा आहे. तिच्या नावावर 436 बळी मांडलेले आहेत. त्या अज्ञात बंदूकवाल्याने ‘आज नेम जरा हुकला, पुढच्या खेपेस श्वास रोखून चाप ओढायचा’ असा बोध घेऊन त्या रात्री शांत झोप घेतली असेल, अशी माझी कल्पना आहे.

म्हणीचा मागचा अर्धा भाग, मागचा शहाणा होतो हा, तरी खरा असेल म्हणून मी महाभारताचे आदिपर्व उघडले, आणि तिथेच सापडलो. पांडू राजाने अरण्यात हरणाची जोडी टिपली. नेम चुकला नव्हता, बाण नेमके लागले होते. पण ते हरीण म्हणजे मृगरूपातला किंदम ऋषी निघाला, आणि त्याच्या शापाने पुढे पांडूचा अंत झाला. एका घराण्याला पुरेल एवढी ही ठेच होती. त्याच घराण्यात चौथ्या पिढीला परीक्षित झाला, आणि त्याच्याविषयी आस्तीक पर्वात सांगितले आहे ते असे, की तो मृगयेचा शौकीन होता, जसा त्याचा पणजोबा पांडू. व्यासांनी ही तुलना गौरवार्थ केली की उपहासार्थ, हे मी कितीदा वाचूनही ठरवू शकलो नाही. परीक्षिताने हरणाला बाण मारला, हरीण जखमी होऊन पळाले. त्याच्या बाणाने विद्ध झालेले हरीण जिवंत सुटून गेल्याचे याआधी कधी घडले नव्हते. साठीचा राजा भुकेला, तहानेला, त्याच्या मागावर भटकत शमीक ऋषींपाशी आला. ऋषींचे मौन, राजाचा राग, गळ्यात अडकवलेला मेलेला साप, ऋषिपुत्र शृंगीचा शाप, सात दिवस आणि तक्षक नाग. बापाचा सूड म्हणून जनमेजयाने सर्पसत्र मांडले, आणि त्या सत्रात वैशंपायनांनी भारत सांगितले. मरणाची वाट पाहणाऱ्या परीक्षितासाठी शुकाने भागवत सांगितले, ते निराळेच. म्हणजे हरणावरचा तो एक बाण पुरता लागला असता, तर परीक्षित संध्याकाळी जेवायला घरी गेला असता आणि आपल्याला या दोन्ही ग्रंथांचा प्रसंगच आला नसता!

इथे माझा मूळचा ताळा आणखीच बिघडतो. फसलेल्या नेमातून एवढे अपार शहाणपण जगाच्या पदरात पडते हे कबूल करावे, तर आबांच्या भेकराला मी काय उत्तर देऊ? आणि नाकबूल करावे, तर सप्ताहाला मांडी घालून बसण्याचा मला अधिकार काय?

सरकारने आपल्यापुरता निकाल लावलेला आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत मारणे येते, जखमी करणे येते आणि तसा प्रयत्नही येतो. लागलेला बार आणि हुकलेला बार यांत कायदा भेद करीत नाही. प्रथम त्यात परवान्याची थोडी वाट होती, तीही 1991 च्या दुरुस्तीने बुजली. हे योग्यच झाले, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. तरीही चोरून मारणारे राहिलेच. ते आता तारेचा फास लावून घरी जाऊन झोपतात. फासाला नेम नाही, म्हणून त्याला चूकही नाही, आणि त्यात अडकलेल्या भेकराकडून कोणी काही शिकण्याचा संभवही नाही. आबांची विद्या त्यांच्याबरोबर गेली, याचे मला वाईट वाटते की बरे, हे मी वर्षभरापूर्वी छातीठोकपणे सांगितले असते, आज सांगवत नाही.

येत्या श्रावणात तुमच्या गावी भागवत सप्ताह बसला, आणि बुवा शापाच्या प्रसंगापर्यंत येऊन अंमळ पाणी प्यायला थांबले, तर त्यांना माझ्या वतीने एवढे विचारा, की परीक्षिताचे ते जखमी हरीण पुढे कुठे गेले. आदिपर्वात ते सांगितलेले नाही.