काचेवर उमटलेली बेटे

एका जुन्या छायाचित्रात एक स्त्री उघड्या माळावरून घराकडे चालली आहे. तिच्या पाठीवर जळणाने शीगोशीग भरलेली टोपली आहे. टोपलीचा पट्टा छातीवरून घेतलेला असल्यामुळे दोन्ही हात मोकळे राहिले आहेत. पण मोकळे म्हणावे तर तेही नव्हेत, कारण त्या हातांत सुया आहेत आणि चालता चालता ती लोकरीचा मोजा विणीत आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील व पश्चिमेकडील बेटांतून काढलेल्या जुन्या छायाचित्रांत अशी स्त्री पुनःपुन्हा भेटते. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या खेड्यांत दिवस कसा जात असे, हे सांगण्यास हे एकच चित्र पुरेसे आहे.

तिच्या टोपलीत आहे ते लाकूड नव्हे. वाऱ्याने झोडपलेल्या या बेटांवर झाडे फारच थोडी. दलदलीत हजारो वर्षे साचत आलेल्या वनस्पतींचा काळसर थर असतो, त्याला पीट म्हणतात. वसंत ऋतूच्या अखेरीस गावकरी एकत्र जमून लांब दांड्याच्या अवजाराने त्याच्या विटा कापीत, त्या माळावर वाळत घालीत आणि हिवाळ्यापूर्वी घराशेजारी रचून ठेवीत. कापणीच्या चित्रांत एक पुरुष कापताना आणि दुसरे कोणी ती ओली वीट अलगद उचलून बाजूस टाकताना दिसते. हे जळण विकत मिळत नसे. त्यासाठी शेजारी लागत.

मग घर येते. लुईस बेटावरील 'काळी घरे' प्रसिद्ध आहेत. दगडांच्या दोन भिंतींमध्ये माती भरलेली, कोपरे वाऱ्याला वाट देण्यासाठी गोल केलेले, छपरावर गवत आणि ते उडू नये म्हणून त्यावर टाकलेल्या, दगड बांधून ताणलेल्या दोऱ्या. धुराडे नाही. चूल घराच्या मध्यभागी जमिनीवर, आणि त्याच छपराखाली पलीकडच्या बाजूस गुरे. धूर छपरातून झिरपत जाई. पुढे काजळी धरलेले तेच गवत उतरवून शेतात खत म्हणून घालीत. जेथे काहीच मुबलक नाही तेथे काजळीसुद्धा वाया जात नसते.

स्त्रियांच्या कष्टांची आणखी दोन चित्रे मनातून जात नाहीत. पहिल्यात एका लांब फळीभोवती बायका बसल्या आहेत आणि मागावरून नुकतेच उतरलेले ओले लोकरी कापड एका तालात आपटीत आहेत. त्यामुळे कापड आटून घट्ट होई. एकीने गेलिक भाषेत गाण्याची ओळ उचलावी आणि बाकीच्यांनी ध्रुपद धरावे, अशी रीत होती. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या आपल्या वाचकांस त्यातले मर्म निराळे सांगावयास नको. दुसरे चित्र बंदरावरचे आहे. हेरिंग मासळीच्या हंगामात या बेटांवरच्या तरुण मुली मासळीच्या मागोमाग थेट इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील यारमथपर्यंत जात. तिघींचा एक संच असे : दोघी मासे चिरून साफ करीत, तिसरी ते मिठात घालून पिंपात रचीत असे. सुरीने व मिठाने बोटे जखमी होऊ नयेत म्हणून त्यांवर चिंध्या गुंडाळलेल्या असत. छायाचित्रात त्या हसताना दिसतात. पण नजर त्यांच्या चिंध्या बांधलेल्या बोटांवर जाऊन थबकते.

हे दारिद्र्य निसर्गाने दिलेले होते असे मात्र समजू नये. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात जमीनदारांनी मेंढपाळीसाठी कुळांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनींवरून हुसकावले. हजारो कुटुंबे किनाऱ्यावरील नापीक तुकड्यांवर आली किंवा कॅनडाकडे जहाजाने निघून गेली. या कुळांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी १८८३ साली जो आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर हे भारताला अपरिचित नव्हते. १८६६ ते १८७२ पर्यंत ते मद्रासचे गव्हर्नर होते आणि १८७२ मध्ये काही काळ त्यांनी हंगामी व्हाइसरॉय म्हणूनही काम पाहिले होते. आयोगाने गावोगाव जाऊन कुळांच्या साक्षी नोंदविल्या, आणि १८८६ च्या कायद्याने त्यांना जमिनीवर कायमचा हक्क व वाजवी खंड मिळाला. छायाचित्रांतील ती लहानशी शेते त्यानंतर कोणाला सहजासहजी हिरावता आली नाहीत.

आता प्रश्न असा की, ही चित्रे काढली कोणी? ॲबर्डीनचे जॉर्ज वॉशिंग्टन विल्सन हे एकोणिसाव्या शतकातील नामांकित छायाचित्रकार. त्यांच्या व्यवसायातील ३७,००० हून अधिक काचेच्या पट्ट्या आज ॲबर्डीन विद्यापीठाने जतन केल्या आहेत. त्यांच्या संस्थेने दूरच्या सेंट किल्डा बेटाचीही चित्रे विकली. तेथील पुरुष रोज सकाळी रस्त्यावर जमून दिवसाचे काम ठरवीत. त्या बैठकीला बाहेरच्यांनी कौतुकाने 'पार्लमेंट' असे नाव दिले. समुद्रपक्षी धरण्यासाठी दोराने उत्तुंग कड्यांवरून उतरणारी ही माणसे पाहण्यासाठी १८७७ पासून उन्हाळ्यात आगबोटीतून प्रवासी येऊ लागले. ते कापड विकत घेत, अंडी घेत, चित्रे घेत आणि सायंकाळी निघून जात. जगाने सेंट किल्डा पुष्कळ पाहिले. पण तरुण माणसे बेट सोडून गेली, मागे राहिलेल्यांचे हात अपुरे पडू लागले. अखेर २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेल्या ३६ जणांनी, आपल्याच विनंतीवरून, ते बेट कायमचे सोडले. पाहणे आणि हात देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या चित्रांपुढे उभे राहिले की जाणवते.

याउलट मार्गरेट फे शॉ या अमेरिकन बाईंची कथा आहे. १९०३ साली जन्मलेल्या या संगीताच्या विद्यार्थिनीने शाळकरी वयात स्कॉटलंडमध्ये गेलिक गाणी सभागृहात, सजवून सादर केलेली ऐकली. ती मुळात कशी असतील या ओढीने ती १९२९ मध्ये साउथ युइस्ट बेटावर आली आणि दोन बहिणींच्या लहानशा घरात सुमारे सहा वर्षे राहिली. तिने भाषा शिकली, त्यांच्याबरोबर कामे केली, गाणी उतरवून घेतली आणि मग कॅमेरा डोळ्यास लावला. म्हणून तिच्या चित्रांतील माणसे संकोचून उभी राहिलेली नाहीत. गाईची धार काढणारी बाई आपल्या शेजारणीकडे पाहावे तसे पाहते. ती गाणी १९५५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पुढे ती पतीसह कॅना बेटावर राहिली आणि २००४ मध्ये, १०१ वर्षांची होऊन वारली. गाणी व चित्रे यांचा त्या उभयतांचा संग्रह आजही कॅनाच्या त्याच घरी आहे.

एरिस्के बेटावर १९३४ साली वेर्नर किसलिंग या जर्मन गृहस्थाने तेथील जीवनावर चित्रपट तयार केला. त्या चित्रपटाच्या उत्पन्नातून बेटावर रस्ता बांधण्यास साहाय्य झाले. ज्यांची चित्रे घेतली त्यांना काही परत देणारा तो छायाचित्रकार होता.

ते जीवन सर्वस्वी लोपले असेही नाही. १९९३ च्या कायद्याप्रमाणे 'हॅरिस ट्वीड' हे नाव धारण करणारे कापड आजही त्या बेटांवर, विणकराच्या घरीच विणावे लागते. काळ्या घरांत मात्र आता कोणी संसार करीत नाही. काहींची वस्तुसंग्रहालये झाली आहेत.

या संग्रहांतून हिंडताना सर्वांत अधिक हळहळ वाटते ती चेहरे अंधूक झालेल्या चित्रांची नव्हे. ज्या चित्राखाली केवळ 'टोपली घेतलेली स्त्री' एवढेच लिहिलेले असते, त्याची. मोजा विणीत जाणाऱ्या तिला नाव होते, गाव होते, आणि तो मोजा कोणाच्या तरी पायासाठी होता. ते ठाऊक असणारी माणसे एकेक करून गेली आणि चित्र मुके झाले.

वाचकहो, आपल्याही घरी एखाद्या पेटीत, लग्नपत्रिकांच्या खाली, काही पिवळी पडलेली छायाचित्रे असतील. या रविवारी ती बाहेर काढून घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे. हे कोण, कोठले, हातात काय आहे, ते विचारावे आणि मागच्या बाजूस मऊ पेन्सिलीने लिहून ठेवावे. हे काम आजीच्या हयातीतच करण्यासारखे आहे.