शेवटचे पाच मिलिग्रॅम

पुणे

ती. ताईस,


काल फोनवर सारखी रेंज जात होती, पण तुझं एक वाक्य स्पष्ट ऐकू आलं. "माझं जुनं परत सुरू झालं गं." ते ऐकल्यापासून चैन नाही, म्हणून लिहायला बसले. फोनवर हे सगळं तुटक तुटक सांगण्यापेक्षा तुझ्या हातात कागद असलेला बरा. दाजींनाही वाचता येईल.

ताई, मला नाही वाटत तुझं जुनं नैराश्य परत आलंय. तू गोळी एकदम बंद केलीस, त्याचा हा त्रास आहे. मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखा झटका येतो म्हणालीस. उठलं की गरगरतं, मळमळतं, रात्री नको ती स्वप्नं पडतात आणि ती खरीच वाटतात. रडू येणं, झोप उडणं हे नैराश्यातही असतं, त्यामुळे तुझा गोंधळ झाला असेल तर नवल नाही. पण ते करंट हे गोळी सुटल्याचं लक्षण आहे. आणि वेळ बघ ना. आजार उलटतो तेव्हा तो सहसा काही आठवड्यांनी, महिन्यांनी, हळूहळू उलटतो. तुला हे सगळं आठवड्याच्या आत सुरू झालं.

कसं घडलं असेल ते मला दिसतंय. लावणीची घाई, मुळशीचा तो पाऊस, दिवसभर खाचरात वाकायचं, पौडला जाऊन यायला अख्खा दिवस मोडणार. पाकीट संपलं. त्यात कुणीतरी म्हणालं असेल, "आता चांगली धडधाकट आहेस, किती दिवस खाणार त्या डोक्याच्या गोळ्या?" मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहून हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलंय. बीपीच्या गोळीबद्दल असं कुणी विचारत नाही. मला त्याचा संताप येतो, आणि आता ते तुझ्या वाट्याला आलं म्हणून जास्तच येतो.

"मला गोळीची चटक लागली का?" असंही विचारलंस. नाही. चटक लागलेला माणूस डोस वाढवत जातो, त्याला त्याची ओढ लागते. तू कधी दहा मिलिग्रॅमच्या वर गेली नाहीस. झालंय एवढंच, की तुझ्या मेंदूनं इतकी वर्षं रोज मिळणाऱ्या एसिटालोप्रॅमच्या हिशोबानं स्वतःची घडी बसवली होती. औषध अंगातून काही दिवसांत गेलं, घडी बदलायला मात्र त्याहून जास्त वेळ लागतो. मधल्या काळात हा त्रास होतो. तो सगळ्यांना होत नाही. २०२४ साली 'लॅन्सेट सायकायट्री'मध्ये ७९ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. गोळी थांबवलेल्यांपैकी साधारण ३१ टक्क्यांना काही ना काही त्रास झाला, आणि नुसती खोटी गोळी थांबवली त्यांच्यातही १७ टक्क्यांना झाला. म्हणजे थोडा वाटा धास्तीचाही असतो. पण तुझे झटके मनाचे खेळ आहेत असं मी म्हणणार नाही, कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नकोस.

डॉक्टरांपैकीही काही जण म्हणतील, आठवडाभरात जाईल. बरीच वर्षं पुस्तकांत तसंच लिहिलेलं होतं. २०१९ मध्ये इंग्लंडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं आपली भूमिका बदलली आणि काहींचा त्रास तीव्र असतो, लांबतो, हे मान्य केलं. त्याच वर्षी मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांचा या गोळ्या सोडण्यावर एक लेख आला. हॉरोविट्झ तेव्हा स्वतः मानसोपचाराचं शिक्षण घेणारा डॉक्टर, तुझीच गोळी घेणारा, आणि ती सोडताना त्याचेही हाल झाले होते. त्यांनी मांडलेले आकडे सिटालोप्रॅमचे आहेत, पण तुझं औषध त्यातूनच निघालंय. तुझी दहाची गोळी म्हणजे ढोबळमानानं त्याची वीसची. वीस मिलिग्रॅमला मेंदूतल्या ज्या जागांवर हे औषध काम करतं त्यातल्या सुमारे ८० टक्के व्यापल्या जातात. नऊपर्यंत खाली आलं तरी ७० टक्के व्यापलेल्या असतात. अगदी साडेतीनच्या खाली आलं तरी निम्म्या. म्हणजे निम्म्याहून जास्त औषध कमी केलं तरी मेंदूला फारसा फरक कळत नाही, आणि शेवटच्या त्या चिमूटभरात सगळा उतार असतो. मालेहून ताम्हिणीकडे जाताना रस्ता तलावाच्या कडेनं कितीतरी वेळ जवळजवळ सपाट चालतो आणि मग कोकणाकडे एकदम खाली उतरतो ना, तसंच. तू सपाटीवरूनच थेट दरीत उडी घेतलीस.

म्हणून आता एकच कर. डॉक्टरांना आजच फोन लाव आणि गोळी कोणत्या दिवशी थांबली ते नेमकं सांग. बहुतेक ते परत सुरू करतील, आणि बहुतेकांना त्यानंतर काही दिवसांत आराम पडतो. पुढे खरंच सोडायची असेल तर त्यांच्याकडून पाचवर, मग त्याहून खाली, शेवटी पाचच्या गोळीचे तुकडे करून, अशी महिनोन्‌महिन्यांची उतरण लिहून घे. तुकडे करायचं कटर मी आणते. त्रास वाढला तर मागच्या पायरीवर थांबायचं, घाई नाही. शेजारची सांगेल, एक दिवसाआड घे. ते करू नकोस, अंगातलं औषध रोज वर-खाली होतं आणि हाल वाढतात. आणि ऐकीव म्हणून दुसऱ्या कुणाच्या कॅप्सूल फोडून घेऊ नकोस, हळूहळू सुटणारी औषधं फोडायची नसतात. झोपेची गोळीही मनानं नको.

सोडायचीच का, हा प्रश्न मात्र तू आणि डॉक्टर मिळून ठरवा, नातेवाइकांनी नाही. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ गोळी घेणाऱ्या, बऱ्या असलेल्या लोकांवर एक मोठी चाचणी झाली, निकाल २०२१ मध्ये आला. वर्षभरात गोळी चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के पुन्हा आजारी पडले, हळूहळू थांबवलेल्यांपैकी ५६ टक्के. म्हणजे सोडून ठीक राहणारेही पुष्कळ, आणि चालू ठेवण्याची गरज असणारेही पुष्कळ. तू दुसऱ्या गटातली निघालीस तरी मला त्यात काही कमीपणा दिसत नाही.

दाजी, हे तुमच्यासाठी. तिला "काय होतंय, का होतंय" असं सारखं विचारू नका. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा 'कासव' सिनेमा टीव्हीवर लागला तर बघा, त्यातली जानकी त्या खचलेल्या मुलाला खोदून काही न विचारता आपल्याजवळ ठेवून घेते. चक्कर आहे तोवर तिला विहिरीवर एकटी पाठवू नका, गाडीवर मागं बसवतानाही जपा. आणि तिच्या तोंडून "मी नसलेलीच बरी" असं काही आलं, किंवा ती एका जागी बसूच शकत नाही अशी तगमग दिसली, तर सकाळची वाट बघू नका. पौडच्या ग्रामीण रुग्णालयात न्या, तिला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.

ताई, रविवारी मी येतेच आहे. जुनी चिठ्ठी आणि रिकामं पाकीट टाकून दिलं नसशील तर डब्यात ठेव, मला बघायचंय. लावणीला माझे दोन हात धर, तू त्या दिवशी खाचरात उतरायचं नाहीस.

तुझी,
धाकटी