दख्खनचा पैसा, हद्रमौतची गादी

रविवार, 11 ऑगस्ट 2019, हिंगोली

एडन पडलं. दक्षिण यमनच्या फुटीरांनी काल अध्यक्षांच्या राजवाड्याचा ताबा घेतला. आजच्या पेपरात बातमी आतल्या पानावर, चार बोटं जागेत. भाच्याने वाचली आणि म्हणाला, "मामा, अरबांचं हे नेहमीचंच."

हे 'नेहमीचंच' मला सहन होत नाही. आयुष्य इतिहास शिकवण्यात गेलं म्हणून असेल, किंवा शेजारी अरबी वंशाच्या चाऊसांचं घर आहे म्हणून. एडन काही आपल्याला परकं गाव नव्हे. 1839 साली कॅप्टन हेन्सने ते कंपनी सरकारसाठी घेतलं आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं त्याचा कारभार मुंबईकडून चालला. 1951 पर्यंत तिथल्या बाजारात रुपया चालत होता. वासुदेव बळवंत फडक्यांना तिथल्याच तुरुंगात ठेवलं होतं, 17 फेब्रुवारी 1883 ला त्यांनी तिथेच देह ठेवला. पकडले जाण्याआधी ते निजामाच्या मुलखात रोहिले आणि अरब जमवत फिरत होते. आमच्या पोरांना एडन कळतं ते फडक्यांच्या धड्यातल्या शेवटच्या ओळीपुरतं.

भाच्याला एवढंच म्हणालो की उद्या माझ्याबरोबर चल.

सोमवार, 12 ऑगस्ट

श्रावणी सोमवार आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. पहाटे औंढ्याला जाऊन नागनाथाचं दर्शन घेतलं. रांग मोठी होती. दुपारी चाऊसचाचांकडे गेलो. माझा सोमवार त्यांना ठाऊक; पुढ्यात केळी आणि दूध आलं, भाच्याला मात्र भरलं ताट.

चाचांचे पणजोबा दक्षिण यमनमधल्या हद्रमौतच्या शिहर बंदराकडून आले, निजामाच्या अरब जमियतीत शिपाई होते. "आजोबांना गावाचं नाव येत होतं, सर. वडिलांना फक्त शिहर येत होतं. मला तुम्ही विचारलं तर मी हिंगोलीच सांगणार." टीव्हीवर एडन दाखवत होते. चाचा बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "हे कोण, ते कोण, आता मला समजत नाही. दोघंही नमाज एकच पढतात."

परत येताना भाच्याला गावातली नावं मोजायला लावली. पलटण, तोफखाना, रिसाला बाजार, पेन्शनपुरा. हैदराबाद कंटिंजंटची छावणी इथे होती त्याची ही उरलेली खूण. त्याच फौजेची आधीची पलटण 1819 च्या जानेवारीत नोव्ह्याच्या गढीवर चालून गेली. बंड नोवसाजी नाईक हटकराचं, आणि गढी लढवणारी शिबंदी बहुतांशी अरबांची. त्यातले फार थोडे जिवंत राहिले. हटकरांच्या बंडासाठी हद्रमौतची माणसं आमच्या मातीत पडली, हे मराठवाड्यातल्या किती लोकांना माहीत आहे?

रविवार, 18 ऑगस्ट

आज दिवसभर जुनी टिपणं काढून बसलो. भाच्याला सांगायचं ते नीट लिहून ठेवतो.

एकोणिसाव्या शतकात हैदराबादचा खजिना रिकामा होता. निजामाला पैसा हवा असे आणि तो अरब जमादारांकडे, म्हणजे अरब शिपायांच्या म्होरक्यांकडे असे. ते कर्ज देत आणि बदल्यात परगण्यांचा महसूल गहाण घेत. वसुलीला त्यांचेच शिपाई. कुणब्याच्या दारात उभा राहणारा अरब हा मराठवाड्याच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत फार दिवस होता. पहिला सालारजंग 1853 ला दिवाण झाला, त्याने हे परगणे सोडवून घ्यायला सुरुवात केली.

हा पैसा जात कुठे होता? उमर बिन अवध अल-कुऐती हा निजामाचा जमादार. गालिब बिन मोहसिन अल-कथिरी हाही हैदराबादेतच श्रीमंत झालेला. तिसरा अब्दुल्ला बिन अली अल-औलकी, तोही जमादारच. या तीन घराण्यांनी दख्खनमध्ये मिळवलेला पैसा समुद्रापार पाठवून हद्रमौतमध्ये किल्ले, बंदुका आणि माणसं विकत घेतली आणि आपसात लढाया केल्या. 1867 मध्ये कुऐतींनी शिहर घेतलं, 1881 मध्ये मुकल्ला. 1888 मध्ये इंग्रजांशी संरक्षणाचा तह झाला आणि 1967 पर्यंत ही गादी टिकली. गादीवरचे सुलतान हैदराबादचे जमादारही असत. नावापुढे 'नवाझ जंग' हा निजामी किताब लावत.

म्हणजे हद्रमौतमधलं हे राज्य उभं राहिलं त्यात आमच्याकडच्या ज्वारी-कापसाचा सारा होता. 'अरबांचं नेहमीचंच' म्हणणाऱ्याने हा हिशेब आधी पाहावा. तिथल्या भांडणात बाहेरचा पैसा आजच आला असं नाही. आज सौदीचा आणि अमिरातीचा येतो, तेव्हा दख्खनचा जात होता.

1937 मध्ये हॅरोल्ड इंग्रॅम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हद्रमौतमध्ये गावोगाव फिरून हजाराहून जास्त टोळीप्रमुखांच्या सह्या घेतल्या, तीन वर्षांचा युद्धबंदीचा तह केला. तोवर शेतात जायला खंदक खणून वाट काढत. तह झाल्यावर काही वर्षांतच दुष्काळ आला. जपानने जावा घेतल्यामुळे तिकडून येणारा पैसा थांबला होता, आणि हद्रमौत परदेशातल्या मुलांच्या मनीऑर्डरीवर जगत होतं. माणसं भुकेने मेली.

शुक्रवार, 30 ऑगस्ट

पोळा. बैल मिरवून झाले. काल फुटीरांच्या पाठीशी असलेल्या अमिरातीच्या विमानांनी एडनजवळ यमनच्या हादी सरकारच्या सैन्यावर बॉम्ब टाकले. दोघेही उत्तरेतल्या हौथी बंडखोरांविरुद्धच्या एकाच आघाडीतले.

नकाशा घेऊन बसल्यावर हे कोडं उलगडतं. 13 जानेवारी 1986 ला एडनमध्ये सत्ताधारी समाजवादी पक्षाच्या पॉलिट ब्युरोच्या बैठकीतच गोळ्या चालल्या. दहा-बारा दिवसांत हजारो माणसं मेली. एका बाजूला अबयान आणि शबवाचे लोक, दुसऱ्या बाजूला धाले, लाहिज, याफाचे. हरलेले उत्तरेला पळाले. त्यांत एक लष्करी अधिकारी होता अब्दरब्बू मन्सूर हादी, अबयानचा. हेच आजचे अध्यक्ष. आणि त्यांच्या सरकारला एडनमधून हुसकावणारे फुटीरांचे नेते ऐदरूस अल-झुबैदी धालेचे. तेहेतीस वर्षांनी तीच गावं, तीच फळी. मार्क्सची पुस्तकं वाचलेल्या पक्षालाही ही फूट बुजवता आली नाही.

उत्तर आणि दक्षिण यमन हे दोन देश एकत्र आले 22 मे 1990 ला. घाईघाईत, दोन्ही सैन्यं वेगळी ठेवून. चार वर्षांत बिनसलं. 1994 च्या मे महिन्यात युद्ध पेटलं, 21 मेला दक्षिणेने वेगळं राज्य जाहीर केलं, 7 जुलैला अध्यक्ष अली अब्दुल्ला सालेहच्या फौजांनी एडन घेतलं. त्यानंतर दक्षिणेच्या हजारो अधिकाऱ्यांना घरी बसवलं, जमिनी सालेहच्या माणसांत वाटल्या गेल्या. 2007 मध्ये दक्षिणेची चळवळ उठली ती या घरी बसवलेल्या सैनिकांच्या पेन्शनवरून. माझ्या मते सगळ्या कथेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच.

मंगळवार, 17 सप्टेंबर

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदन झालं. शनिवारी सौदीच्या अबकैक तेल प्रकल्पावर हल्ला झाला, जबाबदारी हौथींनी घेतली, आणि आमच्या पेट्रोल पंपावर भाव वाढणार अशी चर्चा झेंड्याखालीच चालू होती.

व्यासपीठावर रझाकारांच्या छळाच्या कथा झाल्या, आणि त्या खऱ्या आहेत. पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यातल्या मुसलमानांवर काय गुजरलं ते पंडित सुंदरलाल समितीने पाहिलं आणि लिहिलं. ते कुणी सांगत नाही. अनेक अरबांना पकडून ठेवलं, कित्येकांना समुद्रापार परत धाडलं, त्यांत हैदराबाद संस्थानाबाहेर काहीच न पाहिलेले होते. चाचांच्या एका आजेचुलत्यांना असंच नेलं. एक पत्र आलं, मग काही नाही. चाचा मुक्तिदिनाला दरवर्षी येतात, मागच्या रांगेत बसतात. आज मी त्यांना पुढे आणून बसवलं.

विलीनीकरणावरही मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी म्हणालो की आपण 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात बिनशर्त आलो. इथेही अनुशेष राहिला, तो मोजायला 1983 मध्ये दांडेकर समितीला बसावं लागलं. 1994 च्या मे महिन्यात यमनमध्ये रणगाडे सुटले, त्याच महिन्यात मराठवाड्याला वैधानिक विकास मंडळ मिळालं. मंडळाने फार काही केलं असं मी म्हणत नाही. पण तक्रार लिहायला एक दार होतं, आणि निजामाच्या नोकरांच्या पेन्शनी भारत सरकारने बंद केल्या नव्हत्या. दक्षिण यमनच्या सैनिकाला दोन्हींपैकी काहीच मिळालं नाही. काही लोक उठून गेले. भाचा बसून होता.

बुधवार, 6 नोव्हेंबर

अवकाळीने सोयाबीन गेलं. शेंगांना कोंब फुटलेत, पंचनाम्याची वाट बघत गावं बसली आहेत.

काल रियाधमध्ये हादी सरकार आणि झुबैदींची फुटीर परिषद यांच्यात करार झाला. मंत्रिमंडळ चोवीसचं, निम्मे दक्षिणेचे. फौजा संरक्षण आणि गृह खात्यांखाली आणायच्या. सरकारने एडनला परतायचं आणि सगळ्यांचे पगार द्यायचे. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमासाठी झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की या वर्षाअखेर या युद्धाचे बळी 2 लाख 33 हजार होतील आणि त्यांतले निम्म्याहून जास्त लढाईने न मरता भूक, रोगराई आणि औषधाविना मेलेले असतील. पाच वर्षांखालची मुलं त्यांत सर्वांत जास्त.

चाचांना करार वाचून दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "पगार कोण देणार, सौदी की अमिराती?" करारात याचं नेमकं उत्तर नाही. एडनच्या शिपायाला त्याच्या स्वतःच्या सरकारकडून दर महिन्याला पगार मिळत नाही तोवर हा करार टिकेल असं मला वाटत नाही.