भंडारदऱ्याच्या काठीं दुर्बीण

मागील मार्गशीर्षांत भंडारदऱ्यास आम्हीं आठ इंची आरशाची दुर्बीण नेली होती. आरसे जुळवीपर्यंत वृद्ध मातोश्री कुडकुडून आंत निजावयास गेल्या. यंदा ८० मिलिमीटर भिंगाची, ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची आंखूड दुर्बीण निवडली. भिंगें नळींत पक्कीं बसविलेलीं असल्यानें जुळवाजुळव नाहीं. प्रवरेच्या जलाशयाकाठीं पांच मिनिटांत ती तिपाईवर चढली. चंद्राच्या कडेस जांभळी झालर दिसते, हा तिचा दोष खरा. २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेनें ती सोळापटच मोठें दाखविते. परंतु साऱ्या कृत्तिका एकदम मावतात. मातोश्री उद्गारल्या, "अगबाई, सहा कुठल्या? ह्या तर मोजवत नाहींत!" प्रवासासाठीं दुर्बीण घेणाऱ्या वाचकांनीं भिंगाआधीं पाहणाराचा धीर मोजावा.